लिहायला लागल्यापासून वाचनातला आनंद गेला आहे. तो परत कसा आणावा?

पागोळी

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि गेली सात वर्षे कथा लिहिते. या सात वर्षांत चौदा कथा पूर्ण झाल्या. त्यांपैकी पाच दिवाळी अंकांत छापून आल्या, चार साभार परत आल्या आणि उरलेल्या पाचांची संपादकांकडून साधी पोचही मिळाली नाही. एवढा तपशील देण्याचे कारण असे की या हिशेबाचा माझ्या वाचनावर फार वाईट परिणाम झाला आहे, आणि त्याविषयीच मला येथे विचारायचे आहे.

माझे वडील रत्नागिरीत नोकरीला होते. दर शनिवारी ते नगर वाचनालयातून दोन पुस्तके आणीत. हे वाचनालय १८२८ साली स्थापन झाले आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा मला ते केवळ पुस्तके येण्याचे ठिकाण म्हणून ठाऊक होते. पावसाळ्यात वीज गेली की कंदिलाजवळ सरकून मी वाचत असे, आणि पुस्तक कोणीतरी लिहिलेले असते, त्यामागे कोणा माणसाची खटपट असते, हे माझ्या मनातही येत नसे. सोमवारी शाळेत जाताना त्यातली माणसे माझ्याबरोबर चालत असत.

आता पुस्तक उघडले की पहिल्या परिच्छेदातच मन दुसऱ्या कामाला लागते. निवेदक कोण आहे, काळ मागेपुढे कसा केला आहे, संवाद नेमका कोठे तोडला आहे, हे मी पाहू लागते. कथा उत्तम असेल तर हे आपल्याला कधीही जमणार नाही असे वाटून पुस्तक मिटते. कथा सामान्य असेल तर ही छापली गेली आणि माझी का नाही, या विचाराने मिटते. दिवाळीनंतर वाचनालयात अंक येतात तेव्हा मी आधी अनुक्रमणिका पाहते. गेल्या वर्षी एकूण अकरा अंक घरी आणले आणि एकही शेवटपर्यंत वाचला नाही.

दुसरी अडचण याहून वेगळी आहे. जुलैअखेरपर्यंत हस्तलिखिते पाठवायची असल्यामुळे मी मे महिन्याच्या शेवटी लिहायला बसते. गेल्या वर्षी त्याआधी सुटीत जी. ए. कुलकर्णी यांच्या कथा पुन्हा वाचल्या. नंतर मी जी कथा लिहिली तिच्यात आमच्या शाळेतील शिपायासारखा एक माणूस होता, आणि हा माणूस लांबलचक उपमा देत नियतीचा विचार करू लागला. वीस पाने लिहून झाल्यावर हे माझ्या ध्यानात आले आणि मी ती फाडून टाकली. तेव्हापासून इतकी धास्ती बसली आहे की या वर्षी मार्चपासून मी एकही कथा किंवा कादंबरी हातात घेतलेली नाही. लेखन त्यामुळे शुद्ध झाले असेल तर मला ते जाणवत नाही. घर मात्र रिकामे वाटते.

आपल्यापैकी जे लिहितात ते लेखनाच्या काळात वाचन बंद ठेवतात का? आणि केवळ आनंदासाठी वाचणे ही गोष्ट एकदा हातची गेली की पुन्हा शिकता येते का?

काकपद

पागोळीताई, मी लेखक नाही, त्यामुळे लिहिताना वाचावे की वाचू नये याविषयी माझे मत देणे योग्य होणार नाही. आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी मात्र स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो, कारण तो आनंद मी एकदा पूर्णपणे गमावला होता.

मी १९७४ पासून पुण्यात मुद्रितशोधनाचे काम केले. त्या वेळी खिळ्यांची, म्हणजे शिशाचे एकेक अक्षर जुळवून केलेली, छपाई होती. एक जण हस्तलिखित मोठ्याने वाचे आणि दुसरा गॅली प्रुफावर, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या कच्च्या छापावर, बोट ठेवून अक्षर न् अक्षर पाहत जाई. या कामाचा पहिला धडा असा की मजकुरात रमायचे नाही. जो रमला त्याच्या नजरेतून वेलांटी सुटली म्हणून समजावे. मी हा धडा फार चांगला शिकलो आणि त्याची किंमत घरी मोजली. रात्री कादंबरी घेऊन बसलो की डोळा ऱ्हस्वदीर्घावर अडखळे आणि हात नकळत पेन्सिल शोधू लागे. पत्नी एकदा म्हणाली, "तुम्ही पुस्तक वाचत नाही, तपासता." तिच्या बोलण्यात काहीही चूक नव्हती. पुढे काही वर्षे मी घरी वाचणेच सोडले.

ते परत कसे आले हे सांगतो. नारायण पेठेतील पुणे मराठी ग्रंथालयात एका कामासाठी जुना मजकूर पाहायला गेलो होतो, आणि तेथे 'मनोरंजन' मासिकाच्या अंकांचा एक बांधीव खंड समोर आला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये सुरू केलेले हे मासिक. १९०९ साली त्यांनीच काढलेला दिवाळीचा खास अंक आपल्याकडील दिवाळी अंकांच्या परंपरेचा आरंभ मानला जातो. हा मजकूर अर्थातच जुन्या लेखनपद्धतीचा होता. 'कांहीं', 'नाहीं', 'मुलें', 'घरें' अशी अनुस्वारांची दाटी प्रत्येक ओळीत. १९६२ साली साहित्य महामंडळाचे नियम आले आणि हे अनुच्चारित अनुस्वार गेले. माझा डोळा त्या नियमांवर घडलेला. पहिल्या पानावर तो प्रत्येक शब्दाला ठेचकाळला. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मात्र तो गप्प झाला, कारण येथे त्याला कसलाच अधिकार नव्हता. जे माझ्या नियमाने अशुद्ध होते ते त्यांच्या काळी शुद्ध होते, आणि मला दुरुस्त करण्याजोगे काही उरले नव्हते. ग्रंथालय बंद होण्याची वेळ झाल्याचे सेवकाने येऊन सांगितले तेव्हा माझी चाळीसेक पाने वाचून झाली होती. त्यांतली गोष्ट मला आजही आठवते, तिची छपाई आठवत नाही.

आपले पत्र वाचताना मला एक गोष्ट खटकली, ती रागावू नये. आपण ज्या वाचनाचा उल्लेख केला आहे ते सगळे कथांचे, आणि त्यातही बहुतेक आजच्या दिवाळी अंकांतील कथांचे आहे. आपण ज्या रांगेत उभ्या आहात त्याच रांगेतील माणसांकडे आपण दिवसभर पाहत असता; मग नंबर मोजण्यावाचून दुसरे काय होणार? जेथे आपल्या व्यवसायाला काही बोलता येत नाही असे वाचन काही काळ करून पाहावे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे प्रवासवर्णन आपण वाचले आहे का? दानदक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेलेले हे भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडले आणि पुष्कळ वर्षांनी त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले. ते छापून निघाले १९०७ साली. लेखक म्हणून आपले नाव व्हावे असा विचार त्या मजकुरात कोठेही जाणवत नाही. कोकणातल्या माणसाला तर ती भाषा घरच्यासारखी वाटेल.

शब्दांतर

मी बेळगावात राहते आणि कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. पागोळी, आपण ती वीस पाने फाडायला नको होती.

दुसऱ्याचा आवाज अंगात भिनण्याची भीती अनुवादकाला बाळगताच येत नाही, कारण त्याचे कामच ते आहे. एखादी कादंबरी अनुवादून झाली की पुढचे दोन-तीन आठवडे मी बहिणीला निरोप पाठवला तरी त्यात त्या लेखकाची वाक्ये येतात. पहिल्या दोन पुस्तकांच्या वेळी मी यामुळे घाबरले होते. नंतर लक्षात आले की हा आवाज मोकळ्या जागेत शिरतो. मला जे नेमके ठाऊक असते, म्हणजे आमच्या गल्लीतली भाजीवाली पैसे परत देताना काय म्हणते, हे लिहिताना कोणत्याही लेखकाचे वाक्य मध्ये येत नाही. जे मी ऐकलेले नसते, केवळ कल्पिलेले असते, तेथे नुकत्याच वाचलेल्या पुस्तकातील वाक्य येऊन बसते.

आपल्या कथेतील शिपायाचे असेच झाले असावे असे मला वाटते. आपल्या शाळेतील शिपाई कदाचित संगमेश्वरी बोली बोलत असतील. ते घंटा देताना, मुलांना हाकलताना, पगार उशिरा आला असताना काय बोलतात, हे आपल्या कानावर रोज पडते. कथा लिहिताना ते बोलणे आपण किती घेतले होते? त्या माणसाच्या मनात काय चालते हे ठाऊक नसल्यामुळे तेवढी जागा रिकामी राहिली आणि ती जी. एं.नी भरली. दोष वाचनाला दिला तर तो माणूस पुढच्या कथेतही मुकाच राहील.

स्वतः जी. ए. यांचेच पाहा. धारवाडला राहून, भोवताली कन्नड असताना, ते महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आणि मराठीत कथा लिहीत. शिवाय त्यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकी लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. अनुवाद म्हणजे एकेका वाक्यापाशी थांबून केलेले वाचन. त्याहून जवळून वाचणे शक्य नाही. इतक्या भाषांच्या आणि इतक्या लेखकांच्या सान्निध्यात त्यांचे वाक्य त्यांचेच राहिले.

या संदर्भात मला नेहमी एकनाथ आठवतात. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवले की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे. पण ते लिहिणाऱ्या एकनाथांनी त्याआधीच, १५७३ साली, काशीत भागवताच्या अकराव्या स्कंधावरील आपली टीका, म्हणजे भाष्य, पूर्ण केली होती. ती ओवीतच आहे आणि तिच्यावर ज्ञानेश्वरीचे ऋण पानोपानी दिसते. ज्ञानेश्वरी वाचून आपली ओवी लिहू नये असे त्यांनी म्हटलेले नाही. दुसऱ्याच्या ताटात आपले वाढू नये, एवढेच त्यांनी सांगितले. आपल्या ताटात दुसऱ्याचे काय आले आहे ते पाहून बाजूला काढता येते, आणि हे काम फाडण्याने होत नाही, खुणा करत वाचण्याने होते.

रात्रपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि कविता लिहिते. माझे उत्तर छोटेसे आहे. श्रावणात माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी हरिविजयाचा एक अध्याय मोठ्याने वाचतात आणि ड्यूटी नसेल तेव्हा मी ऐकायला बसते. कानाने ऐकताना मागचे पान उलटून पाहता येत नाही, खूण करता येत नाही, वाचणारा थांबेपर्यंत थांबताही येत नाही. माझ्यातील लिहिणारी बाई त्या वेळी काही करू शकत नाही आणि ऐकणारी तेवढी उरते. आपण शिक्षिका आहात. कोणाकडून तरी वाचून घ्या. स्वतः वाचून दाखवलेले यात धरू नये, कारण तेव्हा पुन्हा आपलेच लक्ष सादरीकरणाकडे जाते.

तळटीप

वरील तिन्ही उत्तरे मनापासून दिलेली आहेत, तरीही पागोळी यांच्या पत्रातील सर्वांत दुखऱ्या जागेला कोणी हात लावलेला नाही असे मला वाटते. ती जागा म्हणजे अनुक्रमणिका.

मी नागपुरात राहतो, वीस वर्षे कथा लिहीत आहे आणि माझे दोन संग्रह प्रसिद्ध झाले आहेत. वाचताना कारागिरी दिसणे हा रोग आहे असे मी मानत नाही. गाणारा माणूस दुसऱ्याच्या मैफलीत बसतो तेव्हा समेवर येण्याआधी गायक कोणती अवघड वाट घेत आहे हे त्याला दिसत असते, आणि ते दिसते म्हणूनच त्याची दाद इतरांच्या आधी जाते. संवाद नेमका कोठे तोडला आहे हे आपल्याला कळते, ही आपली सात वर्षांची कमाई आहे. ती टाकून कंदिलाजवळच्या मुलीकडे परत जाता येणार नाही, आणि जावे असेही मला वाटत नाही. त्या मुलीला जे सुख मिळत होते त्याहून हे वेगळे आहे, पण सुखच आहे. कथा मिटवायला लावते ती ही दृष्टी नव्हे. कथा मिटते ती तिच्यानंतर येणाऱ्या दुसऱ्या वाक्यामुळे: "आणि माझी का नाही?" हे वाक्य मत्सराचे आहे. मी ते स्वतःविषयी म्हणतो. अनेक वर्षे त्याला मी चिकित्सा असे नाव देत होतो.

व्हर्जिनिया वूल्फ यांच्यासारख्या थोर इंग्रज लेखिकेलाही हे चुकले नाही. १९२२ साली त्या फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त वाचत होत्या आणि यानंतर लिहिण्यासारखे उरतेच काय, अशा अर्थाचे त्यांनी मित्राला, रॉजर फ्राय यांना, कळवले. १९२५ च्या एप्रिलमध्ये, स्वतःची 'मिसेस डॅलोवे' ही कादंबरी महिन्याभरात प्रसिद्ध व्हायची असताना, त्यांनी दैनंदिनीत नोंदवले की प्रूस्त आपल्यावर प्रभाव टाकणार आणि आपल्याला स्वतःच्या प्रत्येक वाक्याचा वैतागही आणणार. पागोळी यांच्या दोन्ही भीती त्या एका नोंदीत आहेत. पण त्या नोंदीत वाचन थांबवण्याचा निश्चय नाही. दोन वर्षांनी त्यांची पुढची कादंबरी आली.

म्हणून काकपद यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. जुन्या ग्रंथांत विसावा जरूर मिळतो; पण जी व्यक्ती आज कथा लिहिते तिने आजच्या कथेकडे पाठ फिरवून चालणार नाही. आपल्याच गावचे, आपल्याच काळाचे दुसरे कोणी काय पाहत आहे हे तिला माहीत असले पाहिजे. मी अलीकडे एवढेच करतो की दिवाळी अंक दिवाळीत वाचत नाही. ग्रंथालयातून दोन वर्षांपूर्वीचे अंक आणतो. त्या वर्षी कोणाची कथा घेतली आणि कोणाची परत आली याची धग तोवर निवालेली असते, आणि राहिलेली कथा चांगली आहे की नाही एवढेच दिसते. ज्या कथेने मला धरून ठेवले तिच्या लेखकाला मी पत्र लिहितो, आणि त्यात कोणते वाक्य का आवडले हे नेमके लिहितो. 'कथा आवडली' एवढ्याने भागत नाही. ज्या माणसाला असे पत्र लिहिले त्याचे नाव पुढच्या अनुक्रमणिकेत दिसले की मला बरे वाटते. पहिल्यांदा असे वाटले तेव्हा माझे मलाच आश्चर्य वाटले होते.

काकपद

तळटीप यांचे म्हणणे मला मान्य आहे. मी सांगितले ते पथ्याचे जेवण होते. ते आजारी माणसाने काही दिवस घ्यायचे असते. मी स्वतः आज नव्या लेखकांची पुस्तके वाचतो आणि छपाईची चूक दिसली तरी पुढे जातो. फक्त 'दोन वर्षांपूर्वीचे अंक' याला एक पुस्ती जोडतो. लहान गावांतील ग्रंथालये जागेअभावी जुने अंक रद्दीत घालतात. ग्रंथपालांना आधीच सांगून ठेवावे लागते.

पागोळी

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण काही गोष्टी करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे वाटले.

गोडसे भटजींचे पुस्तक वाचनालयातून आणले आणि चार दिवसांत संपवले. झाशीच्या वेढ्याची पाने वाचताना दूध उतू गेले. असे माझ्या हातून किती वर्षांत झाले नव्हते, हे मला सांगता येणार नाही. ते पुस्तक वाचताना लिहिणाऱ्या माणसाचा विचार मनात आलाच नाही असे मात्र नाही. हा माणूस स्वतःच्या भुकेविषयी आणि भीतीविषयी किती सरळ लिहितो, हे मला दिसत राहिले, आणि दिसत असतानाच मी पुढचे पान उलटत होते. तळटीप म्हणतात ते सुख बहुधा हेच असावे.

अनुक्रमणिकेविषयी आपण जे लिहिले ते वाचून मला रडू आले. ते खरे आहे, आणि मी ते आजपर्यंत कोणाजवळही बोलले नव्हते. ग्रंथपालांना दोन वर्षांपूर्वीच्या अंकांविषयी विचारले आहे. काही अंक गठ्ठ्यात आहेत, ते पाऊस ओसरल्यावर काढून देतो असे ते म्हणाले. पत्र लिहिण्याचे धैर्य अजून गोळा झालेले नाही.

शब्दांतर, मी फाडली ती पक्की प्रत होती. कच्चा खर्डा शाळेच्या जुन्या वहीत शिल्लक आहे हे आपले उत्तर वाचल्यानंतर आठवले. आपण सांगितल्याप्रमाणे खुणा करत वाचला. जेथे तो माणूस एकटा बसून विचार करतो ती सगळी पाने परकी आहेत. जेथे तो दुसऱ्याशी बोलतो ती सहा पाने त्याची आहेत. मधल्या सुटीत मी आता शिक्षकांच्या खोलीऐवजी पाण्याच्या टाकीजवळ बसते, कारण आमचे शिपाईमामा तेथे बसतात. ते फार बोलत नाहीत, पण बोलतात.

या जुलैत मी कथा पाठवणार नाही. सहा पानांची अठरा व्हायला पुढचा पावसाळा लागला तरी चालेल. एकच विचारायचे राहिले. त्यांचे संवाद बोलीत ठेवल्यावर निवेदनही बोलीतच न्यावे, की ते माझ्या प्रमाण मराठीत ठेवावे? प्रमाण भाषेत ठेवले तर मी पुन्हा त्यांच्याविषयी वरून बोलू लागेन असे वाटते, आणि बोलीत नेले तर शब्द माझ्या तोंडी खोटे पडतील असे वाटते. अनुवादात आपल्यासमोर हा पेच येत असेलच. आपण तो कसा सोडवता?